कुत्र्याच्या रक्तातील जंतूंची ओळख

इंग्रजी अमदानीत मद्रास शहरी साहेबलोकांचे शिकारीचे एक मंडळ होते. खोकडामागे कुत्री सोडायची आणि आपण घोड्यावरून दौडत त्यांच्या पाठोपाठ जायचे, हा विलायतेतला जुना षौक. मद्रासच्या माळावर खोकडाची जागा कोल्ह्याने घेतली; बाकीचा थाट तोच राहिला. ‘मद्रास हंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मंडळाच्या शिकारी कुत्र्यांचे रक्त तपासत असता इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील कॅप्टन वॉल्टर स्कॉट पॅटन यांना त्यातील तांबड्या पेशींत एक जंतू आढळला. कुत्र्याच्या रक्तातील असा एक जंतू शास्त्रज्ञांच्या परिचयाचा झालेला होता. परंतु तो आकाराने मोठा, नासपतीच्या फळासारखा, आणि बहुधा जोडीने वावरणारा. पॅटन यांना दिसलेला जंतू लहान होता आणि पुष्कळदा मुद्रेच्या अंगठीसारखा दिसे. पुढे तोच त्यांना कोल्ह्याच्या रक्तातही सापडला. शिकार आणि शिकारी या दोघांच्याही अंगात एकच पाहुणा बिऱ्हाड करून होता! १९१० साली पॅरिसच्या एका वैद्यकसंस्थेच्या पत्रिकेत पॅटन यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘पायरोप्लाझ्मा गिब्सोनी’ असे नाव दिले. आज तो ‘बबेसिया गिब्सोनी’ या नावाने जगभर ओळखला जातो.

पॅटन यांच्यापाशी हा जंतू ओळखण्याचे साधन काय होते? काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, तो रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरायचा. जे दिसेल त्याचा आकार, लांबीरुंदी आणि ठेवण पाहून नाव ठरवायचे. हीच रीत तेव्हा सर्वत्र होती आणि पुढेही सुमारे ऐंशी वर्षे ती जवळजवळ एकटीच राज्य करीत राहिली. तिने केलेले काम थोर आहे. परंतु आकार एक म्हणजे जात एक, हा जो समज तिच्या मुळाशी होता, तो विसाव्या शतकाच्या अखेरीस ढासळला आणि त्याबरोबर कुत्र्यांच्या कित्येक दुखण्यांची जुनी नावेही ढासळली. नाव बदलले म्हणून बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे, की या जंतूंवर चालणारे औषध एक नव्हे. एकाला मारणारे औषध दुसऱ्याच्या केसालाही धक्का लावीत नाही. आणि नाव चुकले, तर प्राण जातो तो कुत्र्याचा.

या सगळ्या जंतूंना एका जनावराच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात नेणारी वाहक म्हणजे गोचीड. मराठी माणसाला ती परकी नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात कासेला चिकटलेल्या गोचिडीचा दृष्टांत आहे. पातळ कातड्यापलीकडे गोड दूध असताही ती ते सोडून रक्ताकडेच वळते. तिची रक्ताची ही ओढ ज्ञानदेवांनी अचूक टिपली. परंतु रक्त घेता घेता ती काही देऊनही जाते, हे माणसाच्या ध्यानी येण्यास एकोणिसावे शतक सरत यावे लागले.

१८८८ साली रुमानियात गुरांची साथ चालू होती. जनावरांना ताप येई, लघवी रक्तासारखी लाल होई, आणि ती पटापट मरत. व्हिक्टर बाबेश या शास्त्रज्ञाने त्यांच्या तांबड्या पेशींत सूक्ष्म जंतू पाहिले. त्याच्याच नावावरून पुढे १८९३ साली या प्रजातीला ‘बबेसिया’ हे नाव मिळाले. मात्र हा जंतू पेशीत शिरतो कसा, याचा उलगडा झाला तो अटलांटिकपलीकडे. टेक्सासमधील गुरे उत्तरेकडील प्रांतांत नेली की ती स्वतः धडधाकट राहत, पण त्यांनी तुडवलेल्या कुरणांत चरणारी उत्तरेकडची गुरे मरत. गुराख्यांचा संशय गोचिडीवर होता आणि शहाणे लोक त्याला हसत असत. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी वॉशिंग्टनजवळ कुंपणे घालून, एका वाड्यात गोचिडीसह आणि दुसऱ्यात गोचिडी वेचून काढलेली दक्षिणी गुरे ठेवून वर्षानुवर्षे प्रयोग केले. गोचिडी असलेल्या वाड्यातील उत्तरेकडची गुरे मेली, नसलेल्यातील जगली. शिवाय, रोगट जनावराचे रक्त प्यालेल्या गोचिडीच्या अंड्यांतून निघालेली पिल्लेही रोग पसरवतात, असे दिसून आले. हा वृत्तान्त १८९३ साली छापला गेला. एखादा कीटकवर्गीय जीव रक्तातील परोपजीवी वाहून नेतो, याचा हा पहिला भक्कम पुरावा. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला तो त्यानंतर चार वर्षांनी. गुराख्यांचा शब्द खरा ठरला, हे शास्त्राच्या इतिहासात मोकळेपणाने सांगितले जावे तितके सांगितले जात नाही.

कुत्र्यांकडे लक्ष वळले ते १८९५ साली. इटलीतील पियाना आणि गाल्ली-व्हालेरिओ या दोघांनी ताप व कावीळ झालेल्या कुत्र्याच्या रक्तात गुरांच्या जंतूसारखाच जंतू पाहिला आणि तो गुरांच्या जंतूचाच एक प्रकार मानला. पुढे तो ‘बबेसिया कॅनिस’ म्हणून स्वतंत्र झाला. दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत तर कुत्र्यांची ही कावीळ इतकी घातक होती, की तिला ‘दुष्ट कावीळ’ अशा अर्थाचे नाव पडले होते. तेथील सरकारी कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स लाउन्सबरी यांनी १९०१ साली ती गोचिडीमार्फत येते हे सिद्ध केले. त्यांच्या प्रयोगांतील एक बारकावा मोठा मजेदार आहे. रोगट मादीच्या पोटी जन्मलेली गोचीड बाल्यावस्थेत आणि कुमारावस्थेत निरुपद्रवी राही. पूर्ण वाढल्यावर चावली, तरच कुत्रे आजारी पडे. आईकडून मिळालेला वारसा ती वयात येईपर्यंत जपून ठेवी!

यानंतरचा महत्त्वाचा अध्याय हिंदुस्थानात लिहिला गेला. येथील वैद्यकीय संशोधकांना कुत्र्यांविषयी खास जिव्हाळा होता, असे मात्र नव्हे. रॉस यांच्या शोधानंतर जो तो हिवतापाच्या मागे लागला होता, आणि माणसाच्या रक्तातील जंतूचे कोडे सोडवायचे तर प्राण्यांच्या रक्तातील जंतू पाहिले पाहिजेत, असा विचार त्यामागे होता. कुत्रा हाताशी होता, गोचीड त्याच्या कानात होती. सिडनी प्राइस जेम्स यांनी १९०५ साली कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत राहणाऱ्या एका जंतूचे वर्णन केले. त्याला आज ‘हेपॅटोझून कॅनिस’ म्हणतात. तांबड्या पेशींना हात न लावता पांढऱ्या पेशींत, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांच्याच चौकीत, हा बस्तान बसवतो.

मद्रासजवळ गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूट ही संस्था मुख्यतः देवीची लस तयार करण्यासाठी उभारलेली. तेथे रिकार्ड ख्रिस्तोफर्स हे संचालक होते. हिवतापाच्या इतिहासात त्यांचे नाव फार मोठे आहे. शंभरी ओलांडून १९७८ साली ते वारले. १९०७ साली त्यांनी दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. एकात कुत्र्याचा बबेसिया गोचिडीच्या शरीरात कोणकोणती रूपे घेतो, याचा मागोवा होता, आणि दुसऱ्यात जेम्स यांच्या जंतूचे गोचिडीतील जीवनचक्र होते. या कामासाठी गोचिडीची कसली चिकित्सा करावी लागली असेल, याची कल्पना करून पाहावी. मोहरीएवढ्या जिवाचे पोट फाडायचे, त्यातील आतडी, अंडाशय आणि लाळेच्या ग्रंथी वेगळ्या काढायच्या, प्रत्येकीची काच रंगवायची आणि तासन्‌तास भिंगाखाली शोधत बसायचे. पुढे पॅटन याच गिंडीच्या संस्थेत आले. कुत्र्यांच्या रक्तातील गोचीडजन्य जंतूंचे मूलभूत ज्ञान ज्या थोड्या ठिकाणी निर्माण झाले, त्यांत गिंडीचे स्थान फार वरचे आहे. आपल्या देशात ही गोष्ट पशुवैद्यांच्या बाहेर क्वचितच कोणाला ठाऊक असते.

यानंतर तिसऱ्याच प्रकारचा एक जीव पुढे आला. १९३५ साली अल्जीरियातील पाश्चर संस्थेत दोनात्यँ आणि लेस्तोकार या संशोधकांना गोचिडींनी भरलेल्या आजारी कुत्र्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींमध्ये तुतीच्या फळासारखे पुंजके दिसले. हा परोपजीवी आदिजीव नव्हे, तर पेशीत राहणारा अतिसूक्ष्म जीवाणू होता. पॉल एर्लिक यांच्या स्मरणार्थ १९४५ साली त्याच्या प्रजातीला ‘एर्लिकिया’ हे नाव देण्यात आले. बरीच वर्षे त्याला कोणी फारसे महत्त्व दिले नाही. व्हिएतनामच्या युद्धात मात्र १९६८ नंतर अमेरिकन सैन्याची जर्मन शेफर्ड जातीची पहाऱ्याची कुत्री मोठ्या संख्येने मरू लागली. नाकातून रक्त वाहे, रक्तातील सर्व प्रकारच्या पेशी घटत जात, आणि धिप्पाड जनावर आठवड्या-दोन आठवड्यांत सांगाडा होऊन पडे. शोध घेता घेता एर्लिकिया कॅनिस हाच अपराधी निघाला. १९७८ साली फ्लॉरिडात रक्तातील बिंबाणूंत राहणारा त्याचा एक चुलतभाऊही सापडला. तो आज ‘अॅनाप्लाझ्मा प्लॅटिस’ या नावाने ओळखला जातो.

म्हणजे एका गोचिडीच्या सोंडेतून तांबड्या पेशींचा शत्रू, पांढऱ्या पेशींचा शत्रू आणि बिंबाणूंचा शत्रू असे सगळेच कुत्र्याच्या अंगात उतरू शकतात, आणि पुष्कळदा एकदमच उतरतात. हेपॅटोझूनची वाट तेवढी वेगळी. तो चाव्यातून येत नाही. अंग चावताना कुत्रे गोचीडच गिळून टाकते, तेव्हा तो पोटातून रक्तात शिरतो. लक्षणे मात्र बहुधा सारखीच दिसतात: ताप, सुस्ती, अन्नावरची वासना जाणे, हिरड्या पांढऱ्याफटक पडणे. आपल्याकडील शहरांत या सगळ्यांना मिळून ‘टिक फीव्हर’ असे एकच नाव रूढ आहे. ते सोयीचे आहे, आणि सोयीइतकेच फसवे आहे.

काचपट्टी या गोंधळात किती मदत करीत होती? मोठा बबेसिया दिसला की ‘कॅनिस’, लहान दिसला की ‘गिब्सोनी’, इतका साधा निवाडा होता. परंतु काही गोष्टी या निवाड्यात बसत नव्हत्या. १९०९ साली केंब्रिज येथे नटल आणि हॅडवेन यांनी ट्रायपॅन ब्लू या निळ्या रंगद्रव्याने मोठ्या बबेसियाचा रोग बरा करून दाखवला होता; लहान बबेसियावर त्याचा काहीच परिणाम होईना. शिवाय मोठा बबेसियाही सर्वत्र एकसारखा वागत नव्हता. दक्षिण आफ्रिकेत तो कुत्र्याला दोन-चार दिवसांत लोळवी. उष्ण देशांतील इतर भागांत मोठी कुत्री त्याला सहज पचवीत आणि पिल्लेच तेवढी दगावत. युरोपातला प्रकार या दोहोंच्या मधला. काचेवर तिन्ही हुबेहूब एक. १९८९ साली गेरिट उइलेनबर्ग या डच परोपजीवीशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हे तीन गट आहेत. तिघांच्या वाहक गोचिडी निरनिराळ्या आहेत, आणि एका गटाविरुद्ध मिळालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या गटापासून कुत्र्याला वाचवीत नाही. युरोपातील प्रकाराला ‘कॅनिस’ हे नाव राहिले. उष्ण प्रदेशातील प्रकारासाठी १९३७ सालचे ‘व्होगेली’ आणि आफ्रिकेतील प्रकारासाठी १९१० सालचे ‘रोसी’ ही विस्मृतीत गेलेली नावे पुन्हा बाहेर काढण्यात आली. हा निष्कर्ष बुद्धीला पटण्याजोगा होता. परंतु समोरच्या काचेवरील जंतू या तिघांपैकी कोणता, हे डोळ्याला तरीही सांगता येत नव्हते. गोचीड पकडून, कुत्र्यांना रोग लावून, महिनोन्‌महिने थांबूनच ते ठरवावे लागे; आणि आजारी कुत्र्यापाशी तेवढा अवकाश नसतो.

नेमक्या याच सुमारास एका वेगळ्याच क्षेत्रातून मदत आली. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा लांबलचक रेणू असतो आणि त्यावर चार रासायनिक अक्षरांत त्या जीवाची वंशावळ लिहिलेली असते. ती अक्षरे ओळीने वाचण्याची व्यवहार्य पद्धत फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ साली दिली. परंतु वाचायचा मजकूर हाती तर हवा! आजारी कुत्र्याच्या एका थेंबात लक्षावधी पेशी कुत्र्याच्या, आणि जंतू कदाचित मूठभर. ही अडचण १९८३ साली अमेरिकेतील कॅरी मलिस यांच्या युक्तीने दूर झाली. डीएनएच्या ज्या तुकड्यात रस आहे, त्याच्या दोन टोकांशी जुळणारे लहानसे दुवे तयार करायचे; मिश्रण तापवून डीएनएचे दोन पदर सुटे करायचे; थोडे निववून दुवे जोडू द्यायचे; मग एका विकराकडून प्रत्येक पदराची जोडी पुरी करून घ्यायची. एका फेरीत एकाचे दोन, दुसरीत दोनाचे चार. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट दाणे मागणाऱ्या माणसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तोच हिशेब येथे आहे. तीस फेऱ्यांत एका तुकड्याच्या १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. आणि एवढ्या उष्णतेत न करपणारा विकर कोठून आला? अमेरिकेतील यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना १९६६ साली सापडलेल्या एका जीवाणूपासून. झऱ्याच्या काठी शेवाळासारखे काय वाढते, हे केवळ कुतूहलापोटी पाहणाऱ्या माणसाचे ऋण आज जगातील प्रत्येक रोगनिदानशाळेवर आहे. मलिस यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कोणता तुकडा वाचायचा, याचेही उत्तर हळूहळू ठरत गेले. पेशीत प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोम नावाच्या कारखान्याचा आराखडा ज्या जनुकात असतो, तो सर्व सजीवांत असतो. त्याचे काही भाग युगानुयुगे जसेच्या तसे राहतात, तर काही भाग जातीजातींत थोडेथोडे बदलत जातात. न बदलणाऱ्या भागावर दुवा बसवता येतो आणि बदलणाऱ्या भागावरून ओळख पटते. बबेसियातील हे जनुक सुमारे १,७०० अक्षरांचे आहे. १९९८ च्या आसपास युरोप, आफ्रिका आणि उष्ण प्रदेश यांतील तीन मोठ्या बबेसियांची ही अक्षरे शेजारी शेजारी मांडण्यात आली, आणि तिघांतील अंतर स्पष्ट दिसले. उइलेनबर्ग यांनी उपजाती म्हटलेले हे तिघे स्वतंत्र जातीच मानावेत, असे मत त्यावरून रुजत गेले. गोचिडी पाळून आणि कुत्र्यांना आजारी पाडून जे महत्प्रयासाने सांगितले गेले होते, ते आता एका दिवसात कळू लागले.

मोठ्या बबेसियाच्या बाबतीत जनुकाने जुन्या शंकेला दुजोरा दिला. लहान बबेसियाच्या बाबतीत मात्र त्याने कोणाच्या ध्यानीमनी नसलेले सत्य बाहेर काढले. १९९१ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील कुत्र्यांत लहान बबेसियाचा तीव्र रोग आढळल्याचे वृत्त पॅट्रिशिया कॉनराड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. जंतू लहान, अंगठीसारखा. अर्थात तो गिब्सोनीच म्हणून नोंदला गेला. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे दुसरे काही म्हणताच आले नसते. काही वर्षांनी त्याची अक्षरे वाचली, तर मद्रासच्या जंतूशी त्याचे नाते अगदी दूरचे! त्याचे जवळचे आप्त होते कॅलिफोर्नियातील रानटी जनावरांत आणि त्या भागातील काही माणसांत सापडलेले बबेसिया. २००६ साली त्याला ‘बबेसिया कॉनराडी’ असे स्वतंत्र नाव मिळाले. इकडे २००० साली, स्पेनमधील पिरेनीज पर्वतभागात जाऊन आलेल्या एका कुत्र्याच्या रक्तातील लहान जंतू तपासला, तेव्हा तिसरेच काही हाती आले. त्याची जवळीक होती उंदरांत आणि माणसांत रोग आणणाऱ्या बबेसियाशी. पुढे तो स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील कुत्र्यांत आणि युरोपभर खोकडांत आढळला. त्याचे नाव दोनदा-तीनदा बदलले आणि शेवटी २०१९ साली तो ‘बबेसिया व्हल्पीस’, म्हणजे खोकडाचा बबेसिया झाला. एका अंगठीच्या आकारामागे निदान तीन निरनिराळे जीव दडलेले होते. जेम्स यांच्या हेपॅटोझूनचीही हीच गत. अमेरिकेत १९७८ साली तो प्रथम टेक्सासमध्ये आढळला. पण तिकडची कुत्री स्नायूंच्या वेदनेने अक्षरशः विव्हळत, आणि इकडची कित्येक कुत्री तो अंगात वागवूनही हिंडतफिरत. १९९७ साली अमेरिकेतील जंतू वेगळी जात म्हणून मान्य झाला आणि पुढे जनुकानेही त्यावर शिक्कामोर्तब केले.

खुद्द गिब्सोनीबद्दल जनुकाने जे उघड केले, ते कुत्र्यापेक्षा माणसाविषयी अधिक बोलते. अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांत आशियातील खरा गिब्सोनी पसरलेला आढळला, पण कोठे? बहुतांशी पिट बुल टेरियर जातीच्या कुत्र्यांत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, इतर कुत्र्यांकडून चावा बसण्याशी या रोगाचे नाते असल्याचे दिसून आले. जपानमध्येही झुंजीसाठी पाळल्या जाणाऱ्या तोसा कुत्र्यांत तेच दिसले. पैज लावून कुत्र्यांची झुंज लावायची, रक्तबंबाळ तोंडाने एकाने दुसऱ्याला फाडायचे, आणि जंतूने या जखमेतून त्या जखमेत जायचे! गोचिडीचे काम येथे माणसाच्या करमणुकीने हलके केले.

आता औषधाचा विचार. मोठ्या बबेसियावर इमिडोकार्ब हे टोचण्याचे औषध चांगले लागू पडते. गिब्सोनीवर ते फारसे चालत नाही, आणि डिमिनाझीनने ताप उतरला तरी जंतू अंगात दबून राहतो. २००४ साली अॅटोव्हाक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिन यांची जोडी गिब्सोनीवर उपयोगी असल्याचे दाखवण्यात आले. त्यांपैकी पहिले औषध मुळात माणसाच्या हिवतापासारख्या रोगांसाठीचे, आणि महाग. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लीन हटवते. गिब्सोनीला एकट्या डॉक्सिसायक्लीनने काही होत नाही. ‘टिक फीव्हर’ म्हणून डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या दिल्या, आठ दिवस वाट पाहिली आणि अंगात होता गिब्सोनी, तर त्या आठ दिवसांत तांबड्या पेशी फुटतच राहतात. शिवाय अॅटोव्हाक्वोनला दाद न देणारे गिब्सोनीही निपजले आहेत. त्यांच्या एका जनुकात एखादेच अक्षर बदललेले असते. जनुक वाचणाऱ्याला ते दिसते. सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला या जन्मी दिसणार नाही.

आपल्या देशातील भटक्या कुत्र्यांची या दृष्टीने झालेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख अशा चार निरनिराळ्या हवामानांतील ५२५ कुत्र्यांचे रक्त तिच्यासाठी काचेवरही पाहिले गेले आणि जनुकांच्या परीक्षेसही लावले गेले. काचेने जितकी कुत्री जंतुग्रस्त ठरवली, त्यांच्या कितीतरी पट जनुकाने ठरवली. हेपॅटोझून आणि एर्लिकिया पुष्कळांत निघाले. मोठा बबेसिया निघाला तो व्होगेली. पॅटन यांचा गिब्सोनी मात्र या चार ठिकाणच्या भटक्या कुत्र्यांत अगदी नाममात्र होता. दवाखान्यात आणलेली पाळीव कुत्री आणि रस्त्यावरची कुत्री यांचे चित्र एकच असेल असे गृहीत धरता येत नाही, हा त्यातला बोध घेण्याजोगा भाग. या पाहणीतील कित्येक कुत्री वरकरणी ठणठणीत होती, हेही विसरून चालणार नाही.

कारण जनुकपरीक्षेची खरी मर्यादा तेथेच आहे. जंतूच्या डीएनएचा अंश सापडला, म्हणजे समोरचे दुखणे त्याचेच, असे होत नाही. जुना, शमलेला संसर्गही उत्तर ‘आहे’ असेच देतो. उलट, जुनाट गिब्सोनी कधी कधी रक्तातून इतका विरळ होतो, की थेंबात त्याचा एकही प्रतिनिधी येत नाही, आणि परीक्षा ‘नाही’ म्हणते. प्रयोगशाळेत हात स्वच्छ नसेल, तर कालच्या नमुन्याचा कण आजच्या नळीत पडून निरोगी कुत्र्याला रोगी ठरवतो; कोटीच्या पटीत वाढवणारे यंत्र चुकाही त्याच पटीत वाढवते. दुवे ज्या जंतूसाठी तयार केले, तोच सापडतो. नवखा जंतू हसत बाजूने निघून जातो. म्हणून जाणता पशुवैद्य आजही कानाच्या पाळीला टोचून पहिला थेंब काचेवर घेतो. मोठा बबेसिया तेथील बारीक केशवाहिन्यांत दाटीने साचतो, ही जुन्या निरीक्षकांची शिकवण आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गुस्ताव गीम्सा यांनी १९०४ साली सिद्ध केलेल्या रंगात तो काच बुडवतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत उपचाराला हात घालतो. जनुकाचा निकाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो, तो औषध बदलायचे की तेच चालू ठेवायचे हे ठरवण्यासाठी. ज्या गावी अशी प्रयोगशाळाच नाही, तेथे काच हाच आधार आहे. आपल्या देशातील बहुतेक गावे अद्याप याच सदरात मोडतात.

जंतूंची नावे अशी पालटत असता वाहकाचे नाव तरी स्थिर राहिले असते, तर बरे होते. ख्रिस्तोफर्स यांनी गिंडीत जिची चिरफाड केली, ती तपकिरी गोचीड १८०६ सालापासून ‘ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस’ या एकाच नावाने साऱ्या जगात ओळखली जात होती. गोचिडींचेच जनुक वाचू लागल्यावर तिचेही निदान दोन वाण निघाले: एक थंड हवामानातला, एक उष्ण प्रदेशातला. एर्लिकिया वाहून नेण्याचे काम उष्ण प्रदेशातली फार कुशलतेने करते, थंडीतली फारसे करीत नाही. हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. ऑस्ट्रेलियात ही गोचीड पूर्वीपासून होती आणि एर्लिकिया कॅनिस तेथे नाही, असे मानले जाई. २०२० साली तो पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील कुत्र्यांत सापडला, आणि योग्य वाहक तेथे आधीच तयार बसलेली असल्यामुळे पाहता पाहता दूरवर पसरला. २०२१ साली उष्ण प्रदेशातील या गोचिडीला, ओदुआँ यांनी १८२६ साली दिलेले ‘ऱ्हिपिसेफॅलस लिनाई’ हे जुने नाव परत देण्यात आले. भारतातील कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड बहुतांशी याच उष्ण प्रदेशातील वाणाची आहे. म्हणून १९०७ सालचे गिंडीचे निबंध आज वाचताना गोचिडीच्या नावापाशी थोडे थांबावे लागते.